वर्गातली चिडवाचिडवी, अंगावरून टोमणे आणि 'शाळेत येऊ नकोस' म्हणणारा मुलगा

अबोली_ठाणे
मुलगा नववीत आहे. वर्गातली चार-पाच मुलं त्याला अंगावरून चिडवतात. सहावी-सातवीपासून थोडंफार होतंच पण यंदा फारच वाढलंय. आधी गोलू, ढब्बू वगैरे चालायचं, तोही हसून सोडून द्यायचा. आता वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या फोटोचे स्टिकर केलेत, सहलीत वडापाव खातानाचा कुठलातरी फोटो आहे, आणि कुणी काहीही लिहिलं की उत्तर म्हणून तो स्टिकर पडतो. ग्रुपवर अख्खा वर्ग आहे, एकही जण 'बास झालं' म्हणत नाही.

पोहणं बंद केलंय त्याने, ज्याच्यासाठी पहाटे न उठवता उठायचा. मे महिन्यापासून बाहेर जाताना वर जर्किन घालतो, ठाण्याच्या उकाड्यात! विचारलं की 'स्टाईल आहे' म्हणतो.

हे मला त्याने सांगितलंच नाही, भाची त्याच शाळेत आहे तिच्याकडून कळलं. मग विचारल्यावर कबूल केलं, पण म्हणाला तू शाळेत आलीस तर मी शाळेत जाणार नाही. नवऱ्याचं म्हणणं मुलगे एकमेकांना असंच बोलतात, दुर्लक्ष कर. आणि त्यातला मुख्य मुलगा आमच्याच सोसायटीत बी विंगला राहतो, त्याच्या आईशी माझी चांगली ओळख आहे.

तर शाळेत जावं का, त्या आईशी बोलावं का, की मुलाचं ऐकून गप्प बसावं? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी लिहा प्लीज. 'लक्ष देऊ नका' हा सल्ला घरातच भरपूर मिळतोय.

घाटावरचा_नाना
ताई रागावू नका पण भाऊजींचं बरोबर आहे. आमच्या वर्गात एकालाही त्याच्या खऱ्या नावाने हाक मारत नसू. ढापण्या, बोंबील, टिंगू, डांबर, दाताळ्या. मी स्वतः भोपळा. गुरुजीसुद्धा हजेरी घेताना 'भोपळा आलाय का' विचारायचे. आता पन्नाशी उलटली, दरवर्षी गेट-टुगेदर होतं, ढापण्या अजून ढापण्याच आहे आणि त्याची बायकोपण त्याला तेच म्हणते. कुणी काही डिप्रेशनमध्ये गेलं नाही. आताच्या पोरांना सगळंच लागतं. कराटे लावा, दोन महिन्यांत सरळ होतील सगळे.

खारीबटर
नाना, डांबर येतो का हो गेट-टुगेदरला?

घाटावरचा_नाना
तो दुबईला असतो. ग्रुपमध्येपण नाहीये. का?

खारीबटर
काही नाही, सहज.

पिंपळपान
खारीबटर _/\_

माझी उलटी बाजू. मी सुकट होतो. 'वारा सुटलाय, याला धरा रे' हा जोक शाळेत रोज, आणि रोज नव्याने हसायचे सगळे. जाड मुलाला चिडवलं तर निदान कुणी मोठं माणूस 'असं बोलू नये' म्हणतं, बारीक मुलाला बोलणं म्हणजे काळजी समजतात. घरी येणारा प्रत्येक जण मनगट धरून बघणार आणि आईला विचारणार, 'याला खायला घालत नाही का?' म्हणजे एका वाक्यात मी पण गार आणि आई पण. केळी, खजूर, अश्वगंधा, कुणाच्या तरी ओळखीच्या वैद्याचं चूर्ण, सगळं झालं. अकरावीपर्यंत शर्टाच्या आत दोन बनियन घालायचो, अंग भरलेलं दिसावं म्हणून. त्यामुळे ते जर्किन वाचलं आणि लगेच कळलं. अबोलीताई, ती स्टाईल नाहीये हे तुम्हाला माहीत आहेच.

कराटेबद्दल: मला पण लावलं होतं. तिथे नवीन नाव पडलं, 'ब्रूस लीचा पाय'.

केतकीचं_बन
नाना, तुमच्या यादीतला डांबर म्हणजे माझं शाळेतलं नाव. मुलगी असल्यामुळे 'डांबरी'. माझ्या बाबतीत मुलं कमी आणि बायका जास्त होत्या. बारशाला, हळदीकुंकवाला, लग्नात, कुठेही गेलं की 'नाकीडोळी छान आहे हो, फक्त रंग...' आणि मग पुढचे उपाय. हळद, साय, डाळीचं पीठ इथपर्यंत ठीक होतं. दहावीत असताना एका मावशीने मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली, 'हिच्या जाऊबाईंच्या मुलीला फरक पडला'. फरक मलाही पडला, सहा आठवड्यांत चेहरा उजळला, सगळे खूश. मग बंद केली की लाल व्हायचा, आग व्हायची, पुरळ यायचं, म्हणून परत लावायची. कॉलेजात गेल्यावर स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब बघून कपाळाला हात लावला, त्यात स्टेरॉइड होतं. गालावरची कातडी पातळ झाली ती झालीच, आजही उन्हात गेलं की दिसतं. २०१८ पासून असली स्टेरॉइडची क्रीम्स चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे, पण आजही जाऊन मागून बघा कुठल्याही दुकानात.

'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं. मावशी त्याच आहेत.

आणि हे फक्त वर्गातल्या पोरांपुरतं नाही. २०२४ ला उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला पहिली आलेली मुलगी आठवत असेल. अख्ख्या राज्यात पहिली, आणि लोक काय बोलत होते तर तिच्या ओठावरच्या केसांबद्दल. पोरं नव्हती ती, स्वतःच्या मुली असलेली माणसं होती. त्यावर एका रेझर कंपनीने सहानुभूतीची म्हणून जाहिरात करून स्वतःचंही नाव मिरवून घेतलं.

मुसळधार
मी वेगळं मत मांडतो. चिडवणं वाईटच, पण वजन हा आरोग्याचा प्रश्न आहे ना? मुलाला वाईट वाटू नये म्हणून सत्य सांगायचंच नाही का? सकाळी दोन भाकऱ्या ज्वारीच्या, साखर बंद, मैदा बंद, रोज पाच किलोमीटर पळायचं. माझ्या पुतण्याचे चार महिन्यांत अकरा किलो उतरले. चिडवायला कारणच ठेवलं नाही तर चिडवणार काय?

खारीबटर
पिंपळपानच्या बाबतीत कारण काय होतं मग? वारा?

मुसळधार
मी अबोलीताईंच्या मुलाबद्दल बोलतोय. आणि ज्वारीच्या भाकरीत काही वाईट नाहीये.

सुगरण_सोलापूरची
भाकरी ठीक पण दोन काय, कडक की मऊ, आणि सोबत काय ते महत्त्वाचं. शेंगाचटणी तेल घालून खाल्ली तर झालंच कल्याण. पीठ आमच्याकडचं मालदांडीचं घ्या, मुंबईत मिळतं त्याला काही चव नसते.

मुसळधार
मालदांडी आता पुण्यात कुठे चांगली मिळते?

संपादक_मंडळ
भाकरीसाठी पाककृती विभागात चांगले धागे आहेत, कृपया तिकडे. तसंच एका सदस्याचा शाळेचं आणि विद्यार्थ्याचं नाव असलेला प्रतिसाद काढला आहे. अल्पवयीन मुलांची ओळख पटेल असं काहीही लिहू नका, मग ते चिडवणारं मूल का असेना.

डॉ_रानवारा
मी लहान मुलांची डॉक्टर आहे, किशोरवयीन मुलं बरीच येतात. अबोली, एक विचारते, इथे उत्तर नको असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जर्किन, आणि पोहणं बंद. वजनावरून चिडवलेली मुलं साधारण खेळ टाळतात, पळणं टाळतात. पण जो मुलगा नेमका शर्ट काढायच्या जागा टाळतो आणि छातीवर जाड कपडा घालतो त्याच्या बाबतीत मला वेगळी शंका येते. त्याला छातीवरून बोलतात का?

असेल तर हे वाचा, आणि जमलं तर त्यालाही वाचायला द्या. वयात येताना बऱ्याच मुलग्यांची छाती थोडी वाढते. बारीक मुलांचीसुद्धा. हार्मोनचा तोल त्या काळात वरखाली होतो त्यामुळे स्तनाग्राच्या खाली छोटी चकती असल्यासारखं लागतं, कधी दुखतंही. याला गायनेकोमास्टिया म्हणतात आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं. जाड मुलांमध्ये कधी नुसती चरबी असते, ती वेगळी, तपासल्यावर कळतं. खूप झपाट्याने वाढत असेल, एकाच बाजूला घट्ट गाठ असेल, स्राव येत असेल किंवा वयात येण्याच्या आधीच सुरू झालं असेल तर मात्र लगेच दाखवायचं. ओपीडीत ही मुलं आईबरोबर येतात 'पोटात दुखतं' सांगून, आणि आईला बाहेर पाठवलं की खरं सांगतात. कित्येकांना वाटत असतं आपण मुलगी होतोय की काय. इन्स्टावर 'एका दिवसात छाती सपाट' अशा ऑपरेशनच्या जाहिराती त्यांनी आधीच शोधून ठेवलेल्या असतात. या वयात ऑपरेशनची घाई करायची नसते.

दुसरी गोष्ट, ही सगळ्याच पालकांसाठी. मानेच्या मागे, काखेत काळपट मखमली पट्टा येतो, मग शाळेत 'आंघोळ करत नाहीस का', 'मान घास' सुरू होतं आणि घरी आई लिंबू आणि बेसन घेऊन घासत बसते. तो मळ नाहीये, घासून जाणार नाही. बहुतेक वेळा ती शरीर इन्सुलिन नीट वापरत नसल्याची खूण असते आणि त्याची तपासणी लागते. मुलींमध्ये हनुवटीवर केस, पाळी अनियमित, सोबत ही काळी मान असेल तर पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास) आहे का बघावं लागतं.

मुसळधार, वजनाबद्दल बोलायलाच हवं, पण मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) मुलांना लावायचा नसतो. आपल्याकडे आयएपीचे, म्हणजे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत त्यावर बघतात. आणि चिडवल्याने वजन उतरत नाही. माझ्याकडे येणारी मुलं डबा टाकून देतात आणि संध्याकाळी लपून खातात, वजन वाढतंच. चार महिन्यांत अकरा किलो उतरलेला मुलगा वाढीच्या वयातला असेल तर त्याला एकदा दाखवून घ्या, खरंच सांगते.

अबोली_ठाणे
डॉक्टर तुम्हाला व्यनि केलाय. हो, तेच आहे. मला जे नाव भाचीने सांगितलं ते मी इथे लिहिलं नव्हतं, लिहवतही नाही.

घाटावरचा_नाना
हे असं काही असतं हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे एकाला याच्यावरून बोलायचे. असो.

कायदेकानू
कायद्याचं थोडं, कारण कुणीतरी आता 'पोलिसात जा' म्हणेलच. अठराच्या आतल्या मुलावर अशा किरकोळ बाबतीत साधारण एफआयआर होत नाही, बाल न्यायाची वेगळी पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. नववीतल्या पोराला चौकीत बसवून कुणाचंच भलं होत नाही. पण शाळेची जबाबदारी आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदीचा कायदा फक्त मेडिकल-इंजिनीअरिंगच्या होस्टेलांपुरता आहे असा समज आहे, त्यातली शिक्षणसंस्थेची व्याख्या बरीच मोठी आहे आणि टिंगल, त्रास देणंही त्यात येतं. लेखी तक्रार दिली तर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. सीबीएसईच्या शाळांना तर २०१५ पासून बुलिंगविरोधी समित्या करायला सांगितलंय. मुद्दा एवढाच की तोंडी बोललात तर 'बघतो मॅडम' मिळतं, लेखी दिलंत आणि पोच घेतलीत की खुर्ची हलते.

कपडे बदलताना चोरून काढलेला फोटो वगैरे असेल तर मात्र गोष्ट वेगळी, आयटी अ‍ॅक्टचं ६६ई (खासगीपणाचा भंग) आणि प्रसंगी पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदासुद्धा लागू शकतो. तसा फोटो पुरावा म्हणूनही पुढे कुणाला पाठवू नका. साध्या स्टिकरचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

एडिसनकर
आमच्या न्यू जर्सीत २०११ पासून कडक कायदा आहे. प्रत्येक शाळेत यासाठी नेमलेला माणूस असतो, तक्रार आली की दहा शालेय दिवसांत चौकशी संपवावी लागते, शाळेबाहेर किंवा ऑनलाइन झालेलं असलं तरी शाळेवर परिणाम होत असेल तर त्यातच धरतात. माझ्या मुलीला हातावरच्या केसांवरून सातवीत त्रास झाला तेव्हा हे सगळं वापरलं. चौकशी वेळेत झाली, पत्र आलं, 'सिद्ध झालं' म्हणून. आणि त्यानंतर तिच्या टेबलावर जेवायला कुणी बसेना, कारण हिच्याशी बोललं तर रिपोर्ट होतो. कायद्याच्या विरोधात नाही मी, पत्र मिळालं म्हणून ती निदान 'माझंच काहीतरी चुकतंय' यातून बाहेर आली. पण डब्याच्या सुट्टीचा प्रश्न पत्राने सुटत नाही.

बाय द वे, त्या मुली ज्या तिला बोलल्या त्यातल्या दोघी देसी होत्या. त्याच आधी वॅक्सिंगला लागल्या होत्या.

शाळामास्तर
सातारा जिल्ह्यातल्या अनुदानित शाळेत शिकवतो, नववी-दहावीच जास्त असते माझ्याकडे. शाळेच्या बाजूने लिहितो म्हणजे शाळेची बाजू घेतो असं समजू नका.

कागदावर सगळं आहे. तक्रारपेटी आहे, २०२२ च्या जीआरनुसार मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, फलकावर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ लिहिलेला आहे. पेटी बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर असते, कुठलं पोर तिथे सगळ्यांदेखत चिठ्ठी टाकायला जाईल? बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर कॅमेरे वगैरे बरंच झालं, ते हवंच होतं, पण स्टिकर काही कॅमेऱ्यात दिसत नाही.

तक्रार आली की वाईट शिक्षक काय करतो सांगतो. वर्गात उभा राहून विचारतो, 'कोण रे याला चिडवतं?' वर्ग खाली मान घालून हसतो. मग दोघांना पुढे बोलावून हात मिळवायला लावतो. झालं, त्या मुलाचं वर्ष संपलं. तुमचा मुलगा 'येऊ नकोस' म्हणतोय ते याच भीतीने, त्याने असं एखाद्याचं झालेलं पाहिलेलं असणार. म्हणून त्याच्याशी बोलताना 'जाऊ की नको' विचारू नका. 'कुणाशी बोलले तर चालेल आणि काय काय करायचं नाही' हे विचारा. यादी त्यालाच करू द्या. सगळ्यांसमोर नाव घ्यायचं नाही, दोघांना एकत्र बसवायचं नाही, पीटीच्या सरांना सांगायचं नाही, असं काहीही असेल त्यात. मग ती यादी घेऊन वर्गशिक्षकांना शाळा सुटल्यावर भेटा. मुख्याध्यापक नंतर.

मी स्वतः चिडवणाऱ्याला आधी धरत नाही, तो फुशारतो. स्टिकरवर हसणारी, अंगठा टाकणारी जी पोरं असतात त्यातली दोन-तीन बरी निवडतो आणि एकेकट्याला बोलावून एवढंच विचारतो की तो आता कसा आहे रे, मला काळजी वाटते, तू काय करू शकशील. आरोप नाही करत. पुष्कळदा ती पोरंही कंटाळलेली असतात पण पहिला कोण म्हणून थांबलेली असतात. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने 'कीवा' म्हणून शाळांसाठी एक कार्यक्रम तयार केलाय तो असाच बघ्यांवर भर देतो, एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. आमच्याकडे साठ पोरांच्या वर्गात त्यातलं जेवढं जमतं तेवढं करतो. दरवेळी जमतं असंही नाही.

आणि नाना, हजेरीला भोपळा म्हणणारे गुरुजी आजही आहेत, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसतात.

कायदेकानू
त्यांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ दाखवा. नुसतं मारणंच नाही, मानसिक त्रास देणंही बंद आहे.

शाळामास्तर
तुम्ही या दाखवायला. चहा पाजतो.

ढब्बू_मिरची
मी इथे नेहमी फक्त वाचते, एफवायला आहे, म्हणजे तुमच्या सगळ्यांपेक्षा लेटेस्ट अनुभव माझा. आयडी शाळेतल्या नावावरूनच घेतलाय.

तुम्ही सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल बोलताय पण तो ग्रुप म्हणजे जे तुम्हाला दिसू शकतं तेवढंच. खरं इन्स्टावर असतं. क्लोज फ्रेंड्सच्या स्टोरीत टाकतात, चोवीस तासांनी गायब, आणि ज्याच्यावर टाकलंय त्याला सोडून सगळ्यांना दिसतं. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलं की सगळे हसतात आणि आपल्याला कळत नाही कशावर. शाळेच्या नावाने कन्फेशन पेज (नाव न सांगता काहीही लिहायची पानं) असतात, कोण चालवतं माहीत नसतं. त्यामुळे अबोलीकाकू, फोन काढून घेऊ नका त्याचा प्लीज. आईला सांगितलं की फोन जातो ही भीती असते म्हणूनच कुणी सांगत नाही. माझ्या आईने काढून घेतला होता, मग मला कळेचना काय चाललंय आणि ते जास्त भयंकर होतं.

ब्लॉक केलं तर त्यांना कळतं आणि त्याचाही जोक होतो. रिस्ट्रिक्ट नावाचं ऑप्शन आहे, त्याने त्यांच्या कमेंट फक्त त्यांनाच दिसतात, त्यांना कळतही नाही. ते करायला सांगा.

मला काय उपयोगी पडलं तर शाळेतलं काहीच नाही. मी ढोलपथकात गेले. तिथे बाकीच्या मुली वाजवून दमायच्या आणि मी ताशा सोडून ढोल मागून घ्यायचे, तिथे जाडपणाचा विषयच नव्हता. शाळेत तीच पोरं तेच बोलत होती, पण संध्याकाळी जायला दुसरी माणसं होती. म्हणून त्याचं पोहणं बंद झालंय ते मला स्टिकरपेक्षा वाईट वाटलं.

आणि सॉरी पण 'त्याच्यात आत्मविश्वास आणा' असं सांगू नका कुणी. आठवीतल्या मुलीने सकाळी तो कुठून आणायचा?

सुमनमावशी
ढब्बू मिरची बाळा, छान लिहिलंस. रोज लिहीत जा, नुसती वाचू नकोस.

माझं वय झालं, दोन सुना आणि चार नातवंडं आहेत. मी बघते की घरात आधी सुरू होतं हे. गणपतीला सगळे जमले की मामा आल्या आल्या पोटाला चिमटा काढणार, 'काय रे, आईने मोदकाचं पीठ तुलाच लावलं का'. सगळे हसतात, पोरगंही हसतं कारण न हसून जाणार कुठे. टीव्हीवर त्या विनोदी कार्यक्रमांत तर जाड बाई आली की हसायचंच, बाईचा वेश केलेला पुरुष आला की हसायचंच, लेखकाला दुसरं काही सुचायची गरजच नाही. मग तेच पोर शाळेत गेलं की दुसऱ्या पोराला तेच म्हणणार. अबोली, तुझ्या घरी कुणी म्हणतं का त्याला काही? आजी, काका? विचार करून बघ.

अबोली_ठाणे
मावशी, दीर म्हणतात. नवरापण 'हत्ती' म्हणतो, लाडाने. परवा मी त्यांना डॉक्टरांचा प्रतिसाद वाचायला दिला. काही बोलले नाहीत, फोन परत दिला. बघू.

त्या बी विंगवाल्या आईशी बोलायचं राहिलंय. कुणीच त्याबद्दल लिहिलं नाही.

खारीबटर
ते सोसायटीत आहेत म्हणून कुणी हिंमत करत नाहीये. गंमत सोडा, एकच सांगतो: सोसायटीच्या ग्रुपवर अजिबात नको. तिसऱ्या मेसेजला पार्किंग येईल, पाचव्याला गळतीचं पाणी.

केतकीचं_बन
ओळख चांगली असेल तर बोला असं मी म्हणेन. 'तुमचा मुलगा माझ्या मुलाला त्रास देतो' अशी सुरुवात केलीत की ती आई होऊनच उत्तर देणार.

एडिसनकर
मी नको म्हणेन. आम्ही गेलो होतो एका घरी, चहा झाला, सगळं गोड, आणि त्या मुलीला रात्री तिच्या बापाने मारलं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचा हिशोब माझ्या मुलीला चुकता करावा लागला. समोरच्या घरात काय चालतं आपल्याला माहीत नसतं.

शाळामास्तर
एडिसनकरांशी सहमत. आधी वर्गशिक्षक. ते पोरगं दुसऱ्याला त्रास देतंय तर त्याच्याही घरी काही असू शकतं, आणि ते शिक्षकाला थोडंफार माहीत असतं.

घाटावरचा_नाना
मी डांबरला फोन केला होता. नंबर मिळवायला दोन दिवस गेले. चांगला बोलला. गेट-टुगेदरचं विचारलं तर म्हणाला, बघू रे, सुट्टी नसते. मी नावाने हाक मारली तर आधी ओळखलंच नाही त्याने, कोण बोलतंय म्हणाला.

खारीबटर
नाना __/\__

डॉ_रानवारा
अबोलीने सांगायला परवानगी दिलीये म्हणून लिहिते, शनिवारी ती मुलाला घेऊन तिच्या जवळच्या डॉक्टरांकडे जातेय. अशाच परिस्थितीतल्या इतर पालकांसाठी: मूल झोपत नसेल, जेवण एकदम कमी किंवा जास्त झालं असेल, 'मी नसलो तर बरं' अशी वाक्यं येत असतील तर वजन, छाती हे सगळं बाजूला, आधी ते बघायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पालकही फोन करू शकतात.

अबोली_ठाणे
सगळ्यांना धन्यवाद. त्याने यादी केली, मास्तर. सगळ्यात वर 'आई रडणार नाही शाळेत' असं आहे. वर्गशिक्षिकेला सोमवारी भेटतेय, त्याला चालणार आहे असं म्हणाला, पीटीचे सर नकोत.

आता एक अगदी साधा प्रश्न. पोहायला जाईन म्हणतोय पण उघड्याने नाही. पूर्ण बाह्यांचे पोहायचे टी-शर्ट मुलग्यांना चांगले कुठे मिळतात? आणि तलावावर चालतात का?

मुसळधार
झाकायला शिकवताय का त्याला? मग तो आयुष्यभर झाकणारच.

ढब्बू_मिरची
काका त्याला पोहायचंय.

पिंपळपान
मुसळधार, दोन बनियनवाल्याचं ऐका. मला तेव्हा कुणी 'काढ' म्हणून काढायला लावलं असतं तर मी घराबाहेरच पडलो नसतो. आपणहून काढली एक दिवस, उन्हाळा होता आणि घामोळं आलं होतं, एवढंच कारण.

डॉ_रानवारा
पोहू दे. टी-शर्ट घालून पोहल्याने काहीही बिघडत नाही.

कोळीवाडा_एक्स्प्रेस
डेकॅथलॉनमध्ये मिळतात, मुलांच्या सायझेस असतात, एक साइज मोठा घ्या कारण अंगाला चिकटणारा त्याला नको असणार. सुती टी-शर्ट बहुतेक तलावांत चालत नाही, नायलॉन किंवा पॉलिस्टरचा लागतो, आणि लाइफगार्डला आधी दाखवून विचारा म्हणजे काठावर सगळ्यांसमोर वाद नको. काळा घ्या. पांढरा ओला झाला की आरपार दिसतो.